गेल्या वाटेनं

पन्नाशीतच मुकुंदरावांना सगळ्याचा कंटाळा आला होता. जालन्याच्या कचेरीत बसून उपग्रहाची चित्रं बघायची आणि रान कुठं किती जळलं ते नकाशात रंगवायचं. थोडं जळलं तर पिवळं, पार राख झाली तर लाल. दर उन्हाळ्याला तेच. नव्व्याण्णवच्या चैत्रात हसनाबादकडचा एक डोंगर चित्रात लालभडक आला आणि वनरक्षक कचरूच्या पोटावर पाय आला. वणव्याची खबर त्यानं दिलीच नव्हती. दोन महिन्यांवर आलेलं पेन्शन आता अडकणार होतं. जागेवर जाऊन बघायचं काम मुकुंदरावांच्याच गळ्यात पडलं.

जाऊन बघतात तर काय, डोंगरावर कमरेएवढं वाळकं गवत उभं! एक काडी जळालेली नव्हती. मात्र वारा असूनही ते हलत नव्हतं.

कचरू बांधाशीच थांबला. "जा साहेब, पण गेल्या वाटेनंच माघारी या. जळितात दुसरी वाट धरत न्हाईत."

"अरे बाबा, जळालंय कुठं इथं?"

कचरू बांधावरच टेकला.

मुकुंदराव मधोमध गेले. बुटांतून चटके बसत होते. गुडघे तर कधीचे कुरकुरत होते. म्हटलं, कुठं परत तो वळसा घालता? समोरच्या उतारानं ते सरळ जीपपाशी उतरले आणि तिथून त्यांनी कचरूला हाका मारल्या. तो डोंगराकडंच डोळे लावून बसला होता. तिसऱ्या हाकेला वळला.

"कुठून आले तुमी?" एवढंच त्यानं विचारलं. मग जीपमधूनही तो वळून वळून डोंगराकडंच बघत राहिला.

'जळालेले नाही' असा अहवाल गेला. कचरू सुटला. मुकुंदरावांना मनापासून बरं वाटलं, कित्येक वर्षांनी. पण त्या दिवसापासून पाय ठणकायला लागले. दिवसभर खुर्चीत बसायचे, आणि संध्याकाळी तळवे भाजल्यासारखे लाल.

"हिंडता तरी कुठं हो एवढं?" त्यांची बायको नीला तेल चोळता चोळता म्हणायची.

नवं चित्र आलं. डोंगर लालच होता. त्या लालात हिरव्या ठिपक्यांची एक रांग, ते चालले होते त्याच वाटेनं, बांधापासून मधोमध गेली होती.

बाहेर आली नव्हती.

दाखवावं तर कचरूचं पेन्शन गेलं. त्यांनी चित्र खणात टाकलं.

पुढचं चित्र चोवीस दिवसांनी आलं. रांग वाढली होती. उतारापर्यंत येऊन वळलेली. बांधापर्यंत जाऊन वळलेली. पुन्हा मधोमध.

टेबलाखाली मुकुंदरावांचे पाय ठणकत होते.