घंटी वाजवली होती का, भाऊ?

ही हकिकत खरी आहे.

ज्या घरात ती घडली, त्या घरात ‘भूत’ हा शब्द उच्चारायलाही मनाई होती. बैठकीच्या भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या होत्या. कुणाला ताप आला तर दवाखाना. कुणी झोपेत ओरडलं तर गार पाणी. भगत, उतारा, लिंबू-मिरची यांनी तो उंबरा कधी ओलांडला नाही.

म्हणून सगळं घडून गेल्यावरही त्या घरानं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसालाच बोलावलं. दुसऱ्या कुणाला बोलवायचं, ते त्यांना माहीतच नव्हतं.

तारीख १२ मार्च २००६. वार रविवार. ठिकाण मारेगाव, जिल्हा यवतमाळ.

रात्र नव्हती. दुपारचे पावणेदोन वाजले होते. लोडशेडिंगमुळे सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत अख्ख्या गावात लाईन नव्हती.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं.

त्या घरातल्या शीलाचा नवरा धर्मपाल गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीन चालू-बंद करणं, दुरुस्त ठेवणं हे त्याचं काम. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो ऑटोतून कॉम्प्युटर घेऊन उतरला. ऑफिसात नवे आले होते. मॅनेजरनं जुना त्याला देऊन टाकला.

“फुकट?” शीलानं विचारलं.

“पंधरा सालाच्या नोकरीले फुकट म्हन्तं का तू?”

शीलानं पुढं विचारलं नाही. तिला वेळही नव्हता. मागच्या पडवीत तिची शेवयांची मशीन होती आणि फेब्रुवारी ते मे बायकांची रांग लागलेली असायची. पोरगी ममता अकरावीत होती, तिला टायपिंगची परीक्षा द्यायची होती. पोरगा अतुल एकोणीस वर्षांचा, त्याला गेमची सीडी मिळाली होती. लाईन असायची मोजके तास. त्या तासांत शेवया, अभ्यास आणि गाड्यांची शर्यत, सगळं बसवायचं.

“तुह्या गाड्या पळवून घर चालते काय बे?” ममता म्हणायची.

“अन तुह्या टकटकीनं चालते वाटते!”

घर असं गजबजलेलं होतं. भीतीला जागाच नव्हती.

फक्त एक गोष्ट होती.

बटन दाबलं की आधी कॅबिनेटमधला पंखा फिरायचा. मग...

टीं.

टीं.

टीं.

मग पडदा उजळायचा.

बसस्टँडजवळच्या दुकानातला तारिक येऊन पाहून गेला. “तीन म्हणजे रॅम गेली, भाभी. मशीनले काय दुखते, थे ती अशी सांगते.” त्यानं कॅबिनेट उघडलं. आत रुई होती, सरकी काढलेला कापूस. तीन ओंजळी.

“जिनिंगचा माल आहे. रुई नाही तं काय साखर निघन?” तो हसला. रुई काढली, रॅम बदलली, गेला.

दुसऱ्या दिवशी बटन दाबलं...

टीं. टीं. टीं.

आठवड्यानं पुन्हा कॅबिनेट उघडलं. पुन्हा रुई. घरात कापसाचं बोंडही नव्हतं. या वेळी तळाची रुई कडक होती, तपकिरी, एकमेकांना चिकटलेली. तारिकनं ती बोटांत चुरगाळली, नाकाजवळ नेली आणि हात पँटला पुसला.

“गंज असन,” तो म्हणाला.

रुईला गंज चढत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

शीलाला दुसरंच काही दिसलं होतं. ते तीन आवाज झाले की धर्मपालचे दोन्ही हात वर जायचे. जेवत असला तर ताटातून. दाढी करत असला तर गालावरून. एकदम, खांद्यापर्यंत.

“काहून असे हात वर करता?”

“जिनिंगची सवय. मशीन चालू करायच्या आंधी तीन घंट्या राह्यते. पयली झाली का हात काढा. दुसरी, मांगं सरा. तिसरी झाली का मंग कळ दाबाची.”

“कोन वाजवते घंट्या?”

“फिटर वाजवते.”

“म्हंजे तुमीच न?”

धर्मपालनं ताट पुढं सारलं. अर्धी भाकर तशीच होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, लाईन नसताना, दारात एक बाई येऊन उभी राहिली. तांड्यावरची भुरीबाई. तिचा नवरा देवीलाल जानेवारीत जिनिंगमधल्या अपघातात गेला होता. गावाला ठाऊक होतं. रोलरमध्ये अडकलेली रुई काढत होता, मशीन सुरू झाली, हात खांद्यापर्यंत आत गेला. यवतमाळला नेताना वाटेतच संपला. पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं, घंट्या वाजल्या होत्या, मयत दारू प्यालेला होता.

तो जबाब धर्मपालचा होता.

भुरीबाई पाणी प्यायली नाही. बसलीही नाही.

“एकच इचाराले आली. घंटी वाजवली होती का, भाऊ?”

“वाजवली, बाई. तिनही वाजवल्या. त्याले ऐकू नाई गेलं. पेलेला होता.”

“गळ्यात माळ होती त्याच्या. सात साल झाले, थेंब नाई घेतला.”

धर्मपाल काही बोलणार, तेवढ्यात...

टीं.

टीं.

टीं.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ममतानं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. लाईन नव्हती.

धर्मपालचे दोन्ही हात वर गेले.

भुरीबाईनं कॉम्प्युटरकडं पाहिलंच नाही. ती त्या हातांकडं पाहत राहिली. बराच वेळ. मग पदर डोक्यावर ओढून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मपाल तारिकला घेऊन आला.

“हा आवाज बंद कर याचा.”

“भाऊ, बीप काढू नका न. खराबी समजते आपल्याले.”

“नको समजू दे. तोड थे वायर.”

कॅबिनेटमध्ये रुपयाएवढा एक स्पीकर असतो. तारिकनं त्याची वायर कापली. धर्मपालनं तो स्पीकर स्वतः नालीत टाकला. “आता बोंबल म्हना,” तो म्हणाला.

कॉम्प्युटर मुकाट सुरू होऊ लागला.

गुरुवारी अतुल जुन्या ब्रशनं त्याचा पंखा साफ करत होता. एकदम किंचाळला. वीतभरही नसलेला प्लास्टिकचा पंखा, पण त्यानं करंगळीचं नख मुळासकट उपसून काढलं होतं. कीबोर्डवर रक्त ठिबकत होतं.

“पिन काढली नसशीन, गाढवा!” धर्मपाल ओरडला.

“काढली होती, बाबा! ह्या हातात होती माह्या!”

कुणी विश्वास ठेवला नाही.

मग रविवार आला.

सकाळी अकराला लाईन गेली. सात बायकांचं पीठ भिजवलेलं राहिलं होतं. त्या आपापल्या घरी गेल्या. शीलानं बोर्डातून मशीनची पिन काढली आणि नेहमीप्रमाणं खिळ्याला टांगली. पावणेदोनच्या सुमारास ममता पडवीत रोलरमध्ये वाळलेलं पीठ खरवडत होती. बोटांनीच, कारण लोखंड लावलं की रोलरला ओरखडे पडतात. लाईन नसताना हे काम रोज व्हायचं.

धर्मपाल बैठकीत जेवत होता. शीला भाकर वाढत होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला...

फर्रर्र.

कॅबिनेटचा पंखा फिरत होता.

पडदा काळा. बीप नाही. बीप देणार कशानं?

शीलानं नवऱ्याकडं पाहिलं.

त्याचे हात ताटातून वर गेले. खाली आले.

पुन्हा वर गेले. खाली आले.

तिसऱ्यांदा वर गेले... आणि तिथंच राहिले. बोटांवरून वरण ओघळत होतं. जे कानांना ऐकू येत नव्हतं, ते त्याच्या हातांना ऐकू येत होतं.

“ममता!” तो ओरडला. “हात काढ!”

ताट लाथाडून तो पडवीकडं धावला. हाक मारली की माणूस आधी वळून पाहतो. ममतानंही तेच केलं. “काय बाबा?” म्हणाली. हात रोलरमध्येच होता.

त्यानं तिला खांद्यानं धडक दिली. ती भिंतीवर आदळली. तोल सावरायला त्यानं उजवा हात पुढं केला. जिथं तिचा होता, तिथंच.

मशीन सुरू झाली.

आधी बोटं गेली. मग पंजा. मग मनगट. हाडं मोडताना कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग तुडवल्यासारखा आवाज होत होता. रोलरमधल्या त्या फटीतून पोळीसुद्धा जाड असली तर जात नाही. पण हात जात होता. पलीकडं ठेवलेल्या परातीत लाल पडत होतं. रक्त ममताच्या तोंडावर, ओल्या पिठावर, भिंतीवर.

शीला पिन उपटायला बोर्डाकडं धावली.

बोर्ड रिकामा होता.

पिन खिळ्याला लटकत होती. तिनं सकाळी टांगली तशी.

शीलानं ती पिन मुठीत धरली आणि ओरडत राहिली. दुसरं काय करायचं, ते तिला सुचेना. नवऱ्याला कमरेला धरून ओढलं, तर मशीननं दोघांना ओढलं. कोपरापर्यंत.

“नाई वाजवली!” धर्मपाल किंचाळला. “एकही नाई वाजवली, देवीलाल! लाईन आली अन म्या थेट कळ दाबली! नाई वाजवली!”

मशीन थांबली.

इतकी एकदम, की पडवीच्या पत्र्यावरून चिमणी उडाल्याचा आवाज ऐकू आला.

यवतमाळच्या दवाखान्यात त्याचा हात कोपराच्या वरून कापावा लागला. डॉक्टरांनी शीलाला बाहेर बोलावलं. त्यांच्या ट्रेमध्ये मूठभर भिजलेला कापूस होता.

“जखमेवर कापूस कुणी कोंबला?”

“कोनीच नाई, साहेब.”

“आतून निघाला हा. सरकीसकट आहे.”

गावात परतल्यावर शीलानं तारिकला बोलावलं. “नवा स्पीकर लाव.”

“भाभी, फेकून द्या न हा डब्बा. मले तं हात लावाची भीती वाटते.”

“फेकला तं घंटी कोन वाजवन?”

तारिकनं एकदा तिच्याकडं पाहिलं. स्पीकर जोडला. पैसे न घेता गेला. पुन्हा आला नाही.

जखम सुकली की ठाण्यात जाऊन जबाब बदलायचा, असं धर्मपालनं बायकोला कबूल केलं होतं. डाव्या हातानं सही करायचा सराव त्यानं ममताच्या वहीत केला. पानंच्या पानं. दोनदा ठाण्याच्या फाटकापर्यंत गेला, दोनदा परत आला. मग मॅनेजर घरी आला. “झालं थे वाईट झालं, धर्मपालभाऊ,” म्हणाला. “तुमच्या जागेवर पोराले घेऊन घेतो.”

दिवाळीपासून अतुल जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली लागला. नव्या सीझनचा कापूस यायला लागला होता.

जबाबाचा विषय घरात निघेनासा झाला. शीलानंही काढला नाही.

कॉम्प्युटर रोज तीन घंट्या द्यायचा. लाईन असो, नसो. घंट्या झाल्या की ममताचे हात कीबोर्डवरून वर जायचे, शीलाचे कणकेतून, धर्मपालचा एक हात आणि एक थोटूक. आवाज थांबला की सगळे कामाला लागायचे. पाहुणे हसायचे. घराला सवय झाली होती.

नोव्हेंबरच्या शेवटी भुरीबाई पुन्हा आली.

दुपारचे साडेचार वाजले होते. लाईन नव्हती. धर्मपाल तिला पाहताच आतल्या खोलीत गेला. भुरीबाईनं त्याला हाक मारली नाही. ती शीलाजवळ आली.

“बाई, तो नाई सांगनार. तू सांग. तुले सांगतलं असन त्यानं. वाजवली होती का घंटी?”

ममता दारात उभी होती. आईकडं पाहत.

शीलाच्या डोळ्यांपुढं अतुल आला. सकाळी डबा घेऊन गेलेला, शिट्टी वाजवत.

“मले नाई माहीत, बाई,” ती म्हणाली.

टीं.

शीलाचे हात वर गेले. ममताचे वर गेले. आतल्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला.

टीं.

मग...

काही नाही.

तिसरी आली नाही.

शीला हात वर धरून उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढं सरकत होता. पाच वाजता लाईन येणार होती. लाईन आली की जिनिंगमध्ये मशीन सुरू करतात.

ती अनवाणी धावत सुटली. दीड किलोमीटर. फाटकातून आत शिरली, तेव्हा अतुल कापसाच्या ढिगाजवळ उभा राहून चहा पीत होता.

“कायले आली व माय? काय झालं?”

तिनं त्याचे दोन्ही हात धरले. उलटे केले, सुलटे केले. काही झालेलं नव्हतं. जिनिंगमधली पोरं हसत होती.

या गोष्टीला आज नऊ दिवस झाले. कॉम्प्युटर त्यानंतर सुरू झालेला नाही. बटन दाबलं तरी नाही. जेवताना शीलाचा हात ताटाकडं गेला की ममता मध्येच म्हणते, “आई, थांब न. तिसरी राह्यली आहे.”

भुरीबाईचा तांडा चार किलोमीटरवर आहे. शीलाला रस्ता माहीत आहे.

रोज संध्याकाळी अतुल आला की ती त्याला दारातच थांबवते आणि त्याची बोटं मोजते. एकेक करून, अंगठ्यापासून.

दहा भरली की मनाशी म्हणते... उद्या जाऊ.