तोकोनचा संकोच

पाऱ्याची खाण बंद पडून बरीच वर्षं झाली, पण तोकोनच्या हातांची थरथर काही थांबली नाही. उमेदीची सगळी वर्षं तो भट्टीवर राबला होता. आता वाटी ओठांना लागेतो निम्मा चहा मांडीवर सांडायचा. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले. पाऱ्याची वाफ थोडी थोडी करून डोक्यात भिनलीय, ती आता उतरायची नाही, असं ओश शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. भट्टीवाल्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांनीही तपासून घ्यावं, असंही ते म्हणाले. ते त्याच्या बायकोने, उमसुनायने, कानाआड केलं.

तिला खुपायचा तो त्याचा संकोच. एके काळी लग्नात भरल्या तंबूत गाणारा हा माणूस. आधी तो शेजाऱ्यांना टाळू लागला, मग तिच्याकडे पाठ करून जेवू लागला. शेवटी मागच्या खोलीत जाऊन बसला.

"बघू नकोस माझ्याकडे," एवढंच म्हणाला.

ती चहा-रोटी दाराशी ठेवायची, रिकामी भांडी उचलायची. गल्लीतली घरं एकेक करत ओस पडली. बोलायला तिला ते दारच उरलं.

हिवाळा सरताना एका दुपारी तिने दार ढकललं. खिडकी आतून खिळे ठोकून बंद केलेली. गादीवर कुणी नव्हतं. गादीतला खळगा मात्र, कुणी नुकतंच उठावं तसा, हळूहळू वर येत होता.

"अहो?"

"दार लाव." आवाज अगदी कानाशी आला. त्यात राग नव्हता, नुसती लाज होती.

तिने दार लावलं. भांडी रिकामी होतच राहिली.

वसंतात मुलगी, चिनारा, तिला ओशला न्यायला आली. तिने रिकामी खोली पाहिली, गावात उरलेल्यांकडे चौकशी केली. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

"आई, बाबा कधी गेले?"

"गेले नाहीत. लाजतात."

चिनारा डोळे पुसत गाठोडी बांधू लागली.

बसमध्ये उमसुनाय खिडकीशी बसली, चिनारा पुढच्या सीटवर. घाट उतरल्यावर ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि हसून म्हणाला, "आजी, आजोबा मघापासून तुमच्याकडेच बघतायत. बोला की दोन शब्द त्यांच्याशी."

चिनाराने मागे वळून पाहिलं. आईशेजारची सीट रिकामी होती.

उमसुनायने मान वळवली नाही. डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.