गाभाऱ्यातली पावलं

चारला पर्यटकांची शेवटची बस गेली की मी खजुराची केरसुणी घेऊन फॅरोंच्या काळातल्या ओसाड देवळाच्या गाभाऱ्यात जायचो. आतल्या भिंतीपासून मागे मागे सरकत, वाळूतली आपलीच पावलं पुसत दारापर्यंत यायचं आणि कुलूप घालायचं. सकाळी वाळूवर पाऊल दिसलं तर समजायचं, चोर शिरला होता. हे काम मला आधीच्या म्हाताऱ्या रखवालदारानं, गादकाकांनी शिकवलं.

"हमदान, येताना आतल्या बाजूला पाठ करायची नाही. आणि एकही पाऊल मागे ठेवायचं नाही."

"का हो काका?"

"का? केर काढायला जिवावर येतं तुझ्या?"

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी माझ्या बायकोची, नबविय्याची, कूस उजवली नव्हती. आमच्याकडे अशा बायका देवीच्या मूर्तीखालचा दगड खरवडून ती पूड पाण्यातून पितात. मी रखवालदार, त्यांना हाकलून लावणारा. पण आईनं माझ्यासाठी दुसरी मुलगी पाहायला घेतली आणि नबविय्यानं अन्न सोडलं.

"अहो, एकदाच न्या. चिमूटभर दगडानं तुमचं सरकार बुडणार आहे का?"

शेवटी नेलं. भर दुपार होती, वाळवंटातून गरम वारा सुटला होता, आभाळ पिवळं झालं होतं. देवळात चिटपाखरू नव्हतं. गाभाऱ्यात वटवाघळांचा उग्र वास. नबविय्या किल्लीनं दगड खरवडू लागली. खर्र... खर्र... मी दाराकडे कान देऊन उभा होतो.

"अहो..." ती हलकेच म्हणाली. "मी केव्हाची थांबलेय..."

खरवडणं चालूच होतं. भिंतीच्या पलीकडून.

मी तिचा हात धरला आणि पाठ फिरवून धूम ठोकली. केरसुणी आतच राहिली. कुलूप मात्र घातलं.

सकाळी उघडून पाहिलं. वाळूत आमची पावलं होती आणि आमच्या मागोमाग बाहेर आलेली लहान, अनवाणी पावलं. दोघांची. एकाच्या डाव्या पायाला सहा बोटं, दुसऱ्याच्या पाचच. त्या लहान पायांचं आत जाणारं असं एकही पाऊल नव्हतं. मी घाईघाईनं सगळं पुसून टाकलं.

वर्षाच्या आत आम्हाला मुलगा झाला, रिझ्क. एकटाच. डाव्या पायाला सहा बोटं. मी घाबरायला हवं होतं, पण त्याला मांडीवर घेतलं आणि मला रडूच आलं. पुढे रोज सकाळी मी ती बोटं मोजायचो आणि सहाव्या बोटाला तो खिदळायचा. चार वर्षं आमचं घर सुखानं भरलेलं होतं.

या वसंतात एका सकाळी मी गाभाऱ्याचं कुलूप काढलं. आदल्या दिवशी झाडलेल्या वाळूवर लहान पावलं उमटली होती. आत गेलेली. डाव्या पायाला सहा बोटं. बाहेर आलेलं एकही नाही.

मी धावत घरी आलो. नबविय्या भाकरी भाजत होती.

"रिझ्क कुठंय?"

"शू... झोपलाय अजून. एवढं काय झालं?"

मी त्याच्या डाव्या पायावरची चादर काढली. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजली. पाचच.

त्यानं डोळे उघडले. चेहरा रिझ्कचा, तोच.

"मोजा ना, बाबा..."

नबविय्या त्याला घास भरवते, तेव्हा मी दुसरीकडे बघतो. छताचा दगड सुटलाय असं कचेरीत सांगून गाभारा बंद ठेवलाय. चारला बस जाते, मी केरसुणी घेऊन दारापर्यंत जातो आणि तसाच परततो. आतली पावलं पुसली, तर माझ्या रिझ्कला परत यायची वाट कशी सापडेल?