सरांचा पडताळा

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या पाया पडणार नाही. पटलं तर वाचा, नाही तर पुढे सरका. पण थाप मारतोय असं मात्र म्हणू नका, कारण हे ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा चुलतभाऊ आहे. आणि त्या सकाळी तो जे बोलला, ते समुद्रावरच्या प्रत्येक बोटीने ऐकलंय.

हो, सकाळीच. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. मंगळवार होता, दहा वाजून गेले होते आणि बंदरावर दाट धुकं होतं.

दादाचं दुकान बंदराच्या रस्त्यावर, शेवटून दुसरं. हौसेने मासे पकडायला जाणाऱ्या लोकांच्या बोटींवर जी यंत्रं लागतात ती तो विकतो आणि बसवूनही देतो. पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर, नकाशा दाखवणारा प्लॉटर, रेडिओ, अँटेना. छपरावर त्याची स्वतःची उंच अँटेना आहे, त्यामुळे दुकानातले रेडिओ खरेच चालू असतात.

मंगळवारच्या दहा दिवस आधी त्याचा मेहुणा दुकानात आला. वहिनीचा एकुलता एक भाऊ. गळ टाकून बसला की ह्या प्राण्याला जेवणाचीही शुद्ध नसते. त्याने पहिलीवहिली बोट घेतली होती आणि यंत्रं निवडायची होती.

"दाजी, तो बारा इंची फिशफाइंडर द्या."

"बोट केवढी तुझी? तो बसवला तर तू कुठे उभा राहणार? माझ्या डोक्यावर?"

"अहो, मासे तरी स्पष्ट दिसतील!"

"मासे दिसतील आणि तू दिसेनासा झालास, तर तुझ्या ताईला मी काय तोंड दाखवू? सात इंची पुरे. आधी रेडिओ बघ."

दादाने रेडिओ पुढे ठेवला. त्यावरच्या झाकणाखाली एक लाल बटण असतं. जीव धोक्यात असेल तर ते दाबून धरायचं. आसपासचे सगळे रेडिओ एकदम किंचाळू लागतात, आणि त्यांच्या पडद्यावर तुमच्या बोटीचा नंबर आणि तुम्ही नेमके कुठे आहात ती जागा येते.

"पलीकडचा दुकानदार म्हणाला, साधा रेडिओ घ्या," मेहुणा म्हणाला. "त्याला प्लॉटरकडून जागा कळते. दोन बारीक वायरी जोडल्या की झालं."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला.

"वायरीवाला मी ठेवत नाही. ह्याच्या पोटातच जीपीएस आहे. हाच घे."

"पण का ठेवत नाही?"

"नाही ठेवत म्हणजे नाही ठेवत. डोकं खाऊ नकोस."

मेहुण्याने तोंड वाकडं केलं आणि पुन्हा फिशफाइंडरकडे वळला. दुकानातला फिशफाइंडर नुसता दाखवण्यापुरता असतो. खाली पाणी नसतं, काही नसतं. तोच खोटा तळ, तेच खोटे मासे, खोली कायम बारा मीटर.

"दाजी… ह्यात एकोणीस का दाखवतंय?"

दादाने वळून पाहिलं.

एकोणीस मीटर… आणि मासा एकही नाही.

तळाशी काहीतरी आडवं पडलं होतं. लांबट. बोटीएवढं.

दादाने पिन उपसून काढली. वायर त्याच्या हातात लोंबत होती… तरी पडदा बराच वेळ विझला नाही.

"बिघडलाय," दादा म्हणाला. "तुला नवा, खोक्यातला देतो."

त्याने मेहुण्याला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? एकोणीस मीटर म्हणजे काय, हे त्याला एकट्याला पक्कं कळलं होतं.

आता दोन वर्षं मागे चला.

शाळेत दादाला गणित शिकवणारे सर निवृत्त झाले आणि त्यांनी छोटी बोट घेतली. सर म्हणजे एक वल्ली. उत्तर बरोबर आलं तरी मार्क द्यायचे नाहीत. "पडताळा कुठाय?" असं विचारायचे. काढलेलं उत्तर परत गणितात घालून तपासायचं, तो पडताळा. तो केला नाही की वहीवर लाल रेघ!

सरांच्या बोटीवर दादानेच यंत्रं बसवली. वायरीवाला रेडिओ होता. संध्याकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायची घाई होती, म्हणून त्या दोन बारीक वायरी त्याने चिकटपट्टी गुंडाळून फळीमागे कोंबल्या. नंतर येऊन जोडू, असं ठरवलं. ह्या धंद्यात असं सर्रास चालतं. रेडिओवर बोलणं होतं ना, मग गिऱ्हाइकाला काय कळतंय?

सरांनी धक्क्यावर विचारलं, "अरे, पडताळा घेतलास ना?"

"घेतला सर. सगळं चोख आहे."

ते 'नंतर' काही उजाडलं नाही.

दोन महिन्यांनी सरांच्या बोटीत पाणी शिरलं. त्यांनी लाल बटण दाबलं. बंदरातले सगळे रेडिओ किंचाळले. पडद्यावर नंबर आला, आणि जागेच्या ठिकाणी नुसत्या रेघा. हाक मधेच तुटली, सर कुठे आहेत, कोणालाच कळेना. दोन दिवस शोधत होते. बोट सापडली ती बंदराच्या तोंडापासून जेमतेम कोसभर अंतरावर, एकोणीस मीटर खोल. सर त्यातच होते.

आणि आता जे सांगतोय ते लिहिताना माझीच मान खाली जाते. बोट वर काढल्यावर यंत्रं तपासायला जाणकार माणूस म्हणून दादालाच बोलावलं. आत तो दहा मिनिटं एकटा होता.

त्या दहा मिनिटांत त्याने वायरी जोडून टाकल्या.

चौकशीत लिहिलं गेलं, जोडणी ठीक होती, म्हाताऱ्या माणसाने प्लॉटरच चालू केला नसावा. गावभर चेष्टा झाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि स्वतःला एक बटण जमलं नाही! सरांची मुलगी बंदराच्या रेडिओ खोलीत काम करते. वडिलांची शेवटची हाक तिनेच ऐकली होती. ती चेष्टाही तिने ऐकली, आणि दादासुद्धा तिथेच मान हलवत उभा होता.

आता मंगळवार.

मेहुणा पहाटेच बोट घेऊन गेला होता. दादाने त्याचा रेडिओ स्वतः बसवला होता, बोटीचा नंबर स्वतः घातला होता आणि डोळ्यांत तेल घालून तीनदा तपासला होता. मग धुकं उतरलं. दुकानातून समोरचा धक्काही दिसेना.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. बोटींचे भोंगे नाहीत. दादा म्हणतो, त्या दिवशी पक्षीसुद्धा ओरडत नव्हते…

आणि दुकानातले पाचही रेडिओ एकदम किंचाळले.

पाचही पडद्यांवर एकच नंबर. मेहुण्याचा.

जागेच्या ठिकाणी… रेघा.

ह्या रेडिओला वायरीच नाहीत, मग सुटणार काय? दादाने मेहुण्याला मोबाईल लावला. समुद्रावर रेंज नसतेच. त्याने रेडिओचा माईक ओढला. सोळा नंबरचा चॅनेल, जो सगळे ऐकतात.

"अरे, बोल! कुठे आहेस? आसपास काय दिसतंय ते सांग!"

बटण सोडलं. खरखर… आणि खरखरीच्या मागे पाणी. भांड्यात भरत जावं तसं, वर वर चढत जाणारं.

"दाजी…" मेहुण्याचाच आवाज. "पाणी आलंय… कमरेपर्यंत…"

"कुठे आहेस ते सांग!"

पुन्हा खरखर. आणि मग आवाज बदलला. म्हातारा. तोंडात पाणी असल्यासारखा.

"अरे… पडताळा घेतलास ना?"

दादाच्या हातातून माईक सुटता सुटता राहिला. त्याला सगळं लख्ख कळलं. सरांना उत्तर हवं होतं. ते मिळेपर्यंत ह्या रेघांचे आकडे होणार नव्हते, आणि तिकडे वहिनीचा भाऊ बुडत होता.

"सर, त्याला सोडा! त्याचा काय दोष?"

"पडताळा…"

"नव्हता घेतला सर! मी खोटं बोललो!"

पडद्यावरची पहिली रेघ गेली. तिथे आकडा आला.

"वायरी मी जोडल्याच नव्हत्या! तुम्ही बटण बरोबर दाबलं होतं! प्लॉटरही चालू होता!"

आणखी दोन आकडे.

"नंतर…?" म्हातारा आवाज म्हणाला.

दादा लहान पोरासारखा रडायला लागला. "नंतर तुमच्या बोटीत जाऊन मी त्या जोडल्या. तुम्ही गेल्यावर. माझ्यावर येऊ नये म्हणून. तुमचं काही चुकलं नव्हतं सर, माझं चुकलं. माझं!"

सगळे आकडे भरले. किंचाळणं थांबलं. दादाने जागा खोक्यावर लिहून घेतली आणि माईकमध्ये ओरडला, "बंदर, बंदर! माझ्या मेहुण्याची बोट बुडतेय! जागा लिहून घ्या!" त्याने आकडे वाचून दाखवले.



मग सरांच्या मुलीचा आवाज आला. अगदी शांत. "ही जागा मला पाठ आहे. इथे माझे बाबा सापडले होते."

दादाने खोक्यावरचे आकडे पुन्हा पाहिले.

"आणि आज सकाळपासून कोणाचीही धोक्याची हाक आलेली नाही. एकही नाही. फक्त तुम्ही बोलताय."

तेवढ्यात तिसरा आवाज घुसला. "अहो दाजी! मी तर इथे मजेत आहे! चहा पितोय. बटणाचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही मी. तुम्ही हे काय बोलून बसलात?"

दादाने पडद्यांकडे पाहिलं. पाचही पडदे साधे. नंबर नाही, हाक आल्याची नोंद नाही, काही नाही.

"दुकान, तुम्ही ऐकताय ना?" सरांची मुलगी म्हणाली. "वायरींचं परत एकदा सांगा. सावकाश. सगळे ऐकतायत."

आणि दादाने परत सांगितलं. सावकाश.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी नव्याने उघडली, दुकानाला कुलूप लागलं. वहिनी महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. मेहुणा धडधाकट आहे, पण बोट त्याने विकून टाकली. सरांचं नाव धुतलं गेलं, ते बरंच झालं. त्याबद्दल दादासुद्धा कुरकुर करत नाही.

मला झोप लागू देत नाही ती वेगळीच गोष्ट.

बंदराच्या खोलीत सोळा नंबरच्या चॅनेलचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. मी मुद्दाम जाऊन ते ऐकलं. सरांची मुलगी बोलेपर्यंत त्यात फक्त दादाचा आवाज आहे. तो बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो. मधे काहीच नाही. साधी खरखरही नाही.

सरांच्या मुलीने ते घरी आईलाही ऐकवलं. निदान मनाला शांती मिळेल, म्हणून. आई दादाच्या बोलण्याकडे लक्षच देत नव्हती. तो थांबला की मात्र ती कान लावायची, मान हलवायची. त्या रिकाम्या जागा तिने दोनदा मागे नेऊन ऐकल्या.

"आई, त्यात काही नाहीये गं," मुलगी म्हणाली. "आता सगळ्यांना कळलंय. बाबा सुटले."

आईने डोळे पुसले.

"कुठले सुटतायत," ती म्हणाली. "शेवटी 'उत्तर आलं, पण पडताळा कुठाय?' म्हणतायत, ऐकलं नाहीस? अजून भयंकर चिडलेत ते."