चाऊडरच्या तासाला येणारा माणूस

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार, दुपारचे दोन. स्थळ, कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या एका विद्यापीठाचे मनःस्वास्थ्य केंद्र. परीक्षा जवळ आल्या की येथे दर बुधवारी चाऊडर नावाची लठ्ठ, वयस्क कुत्री तासभर गालिच्यावर पहुडते. विद्यार्थी आणि कर्मचारी तिच्या अंगावरून हात फिरवतात, आणि थोडे हलके होऊन परततात.

लॅकलन मॅकआयझॅक आज सहाव्यांदा आला होता. ग्रंथालयातले जुने नकाशे सांभाळणारा हा उंच, अबोल गृहस्थ. कोटावर धुक्याचे बारीक थेंब. स्वागतकक्षातल्या ओडेटला तो आवडत होता, पण तिला घोर होता तो वेगळाच. कुत्रीला कुरवाळताना हा कुत्रीकडे पाहतच नसे. नजर कुठेतरी भलतीकडे... हरवलेली. पाच फेऱ्यांनंतर माणसाला विचारायचे, आणि आडवळण न घेता विचारायचे, असा केंद्राचा दंडक.

तिने त्याला शेजारच्या शांत खोलीत नेले.

"लॅकलन, सरळच विचारते. जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

त्याचे कान लालबुंद झाले.

"नाही हो! मला... मला कुत्र्यांची ॲलर्जी आहे."

"काय?"

"गोळी घेऊन येतो. त्या गालिच्यावरून तुमचं टेबल दिसतं."

"सहा आठवडे? गोळ्या खाऊन?"

"हल्ली दोन-दोन. चाऊडर मांडीवरच बसते."

ओडेटला हसू फुटले, आणि अर्ध्यावरच थांबले. हसण्याआड माणसे काय काय लपवतात, ते तिने याच खोलीत पाहिले होते.

"आणि बाकी? खरं सांगा."

"आई उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून झोप नाही. मरावंसं नाही वाटत... पण रविवार आला की तिला फोन लावायला हात जातो."

त्याचा हात धरावा असे तिला फार वाटले. तिने कागदी रुमालांची पेटी पुढे सरकवली, आणि मदतीचा अर्ज ओढून घेतला.

"हा भरला की तुम्हाला मदत मिळेल. पण मग तुम्ही केंद्राचे रुग्ण व्हाल, आणि मला तुमच्याबरोबर कुठे येता येणार नाही."

"मी अजून कुठं बोलावलंय?"

"बोलावणार नव्हतात?"

"सहा आठवडे... तेच वाक्य जुळवतोय."

तिने पेनाचे टोपण काढले. एकदा त्याच्याकडे पाहिले. तरीही तिने त्याचे नाव लिहिले, संपूर्ण, सुवाच्य.

"आधी तुमची झोप," ती हळूच म्हणाली.

केंद्रप्रमुख बर्नडीनबाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"चार वर्षं इथं आहेस ना गं? हा अर्ज विद्यार्थ्यांचा. कर्मचाऱ्यांचं समुपदेशन बाहेरची संस्था करते. आपण फक्त नंबर देतो."

ओडेट गोरीमोरी झाली. गडबडीत तिने भलताच कागद ओढला होता.

"फोन मात्र त्यानं इथं, माझ्यासमोर करायचा," बाईंनी बजावले.

लॅकलनने तिथेच उभ्या-उभ्या फोन लावला. मंगळवारी सकाळी दहाची वेळ मिळाली. फोन ठेवून तो ओडेटकडे पाहू लागला, आणि ओडेट बाईंकडे.

"म्हणजे मग मी..."

बर्नडीनबाईंनी अर्ज फाडून टोपलीत टाकला.

"तो आपला रुग्ण नाही. कोट घाल, आणि त्याला कॉफीला घेऊन जा."