मागला गडी

खोटंच सांगायचं असतं तर मी अमावास्येची रात्र सांगितली असती. पण हे घडलं भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, भीमेच्या कोरड्या पात्रात. साल १९३४, वैशाख महिना. पटलं तर पटलं. मी आज अडुसष्ट वर्षांचा आहे, कुणाला भीती घालून मला काय मिळणार?

आम्ही सोलापूरच्या तालमीतले सात गडी. उन्हाळ्यात पायी मुलूख बघायचा, हे वेड आमच्या वस्तादांचं, मानसिंगदादांचं. एकवीस दिवस भटकलो. सह्याद्रीचा घाट उतरलो, खाडीत होडी वल्हवली, समुद्र पाहिला. एवढं पाणी बघून आम्ही सोलापूरकर खुळेच झालो होतो. परतताना रेल्वेनं जेऊरला उतरलो. तिथून नदीच्या पात्रातून टेंभुर्णीपर्यंत चालतच जायचं, हा दादांचा हट्ट.

माझा थोरला भाऊ बसलिंगप्पा आमच्यात होता. मी त्याला अण्णा म्हणायचो.

एकवीस दिवसांत अण्णा दहा वाक्यं बोलला नसेल.

त्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून त्याला नोकरीचं बोलावणं आलं होतं. पत्र माझ्या हाती पडलं. अण्णा गेला तर घरात मी आणि आमची आजारी आई, अव्वा, दोघंच उरणार. मला त्या रिकाम्या घराची भीती वाटली.

मी ते पत्र चुलीत घातलं.

अण्णा चार महिने ओट्यावर बसून पोस्टमनची वाट बघत होता. मग त्यानं बसणं सोडलं आणि बोलणंही सोडलं.

हे त्याला सांगायचं म्हणूनच मी या भटकंतीला आलो होतो. घाटात सांगणार होतो, समुद्रावर सांगणार होतो. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं की माझी दातखीळ बसायची.

पात्रात डोहाच्या कडेनं वर वाळलेली पापडी होती आणि खाली गाळ. म्हणून एकामागं एक चालायचं, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं. ऊन नुसतं मी म्हणत होतं. प्रत्येकाच्या डोक्यावरून ओला पंचा, नजर खाली. मागं वळायचं नाही, वळलं की पाय चुकतो. रांगेतला शेवटचा माणूस मागं आहे की नाही, हे दादा पुढून हाक मारून बघायचे. घाटातही आमची हीच रीत होती.

"मागला?"

"हाय!"

"हाय" आलं की सगळे आले, असं धरून चालायचं.

त्या दिवशी मागला गडी अण्णा होता. त्याच्या पुढं मी.

बारा वाजले असतील. वारा नाही. पाखरू नाही. कुठं शेळीसुद्धा ओरडत नव्हती...

"मागला?"

"हाय!"

थोड्या वेळानं मला जाणवलं... मागची वहाणांची करकर थांबली होती.

वाळूत आवाज येत नसेल, असं मनाशी म्हणालो.

"मागला?"

"हाय!"

या वेळी आवाज अगदी कानामागून आला. मानेला गारवा लागला... त्या उन्हात मला तो बरा वाटला, देवाशप्पथ सांगतो.

आणि मला धीर आला. तोंड बघायचं नव्हतं ना!

"अण्णा," मी हळूच म्हणालो, "मार मला, शिव्या दे, पण ऐक. तुजं बोलावणं आलं व्हतं. मी पत्र जाळलं."

सगळं सांगून टाकलं. अव्वाचं दुखणं, माझी भीती, सगळं.

मी चार पावलं टाकली...

मग आवाज आला. अण्णाचाच.

"जाऊ दे की, शंकऱ्या. एकटं ऱ्हाणं लई वाईट असतंय."

मी पंच्याखाली ढसाढसा रडलो. छातीवरचा धोंडा उतरला. पुढचा कोसभर मी बोलतच होतो आणि तो मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होता.

काठावरच्या बाभळीखाली दादा थांबले. आम्ही पंचे काढले. मी हसत मागं वळलो.

मागं कुणी नव्हतं.

माझ्या वहाणेच्या टाचेला तीन खिळे होते. वाळूत सगळ्यात वर त्याच टाचेचे ठसे होते. त्यांच्यावर कुणाचंच पाऊल पडलं नव्हतं...

आम्ही जीव खाऊन मागं पळालो. दीड कोसावर अण्णा सापडला. वाटेपासून दहा हातांवर, छातीपर्यंत गाळात. ओठ फुटलेले, घसा पार बसलेला. पंचे एकमेकांना बांधून त्याला ओढून काढला. तोंडात पाणी घातलं.

"पाणी भराया वाकलो आन् रुतलो," तो कसाबसा बोलला. "दादांची हाक आली. मी ओरडायच्या आत कुणीतरी 'हाय' म्हणालं... माज्याच आवाजात. मग किती बोंबललो. एकानंबी वळून बघितलं न्हाय."

दादा पांढरेफटक पडले. "आरं, हा शंकऱ्या तर सगळ्या वाटंनं तुज्याशी बोलत व्हता!"

अण्णानं माझ्याकडं बघितलं.

"काय सांगत व्हतास रं?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "असंच."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एकदा रडून मोकळा झालो होतो, ते पुन्हा तोंडातून निघेना. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. अण्णा चाळीस वर्षं सोलापूरच्या गिरणीत राबला. शेवटच्या दुखण्यात त्याचा हात माझ्या हातात होता.

"रेल्वेवाल्यांनी मला बोलावलंच न्हाय की रं," एवढं म्हणून तो गेला.

मी तेव्हाही गप्प बसलो.

आता त्या जागेवर उजनी धरणाचं पाणी आहे. मला माफ करणारा तो कोण होता, मला माहीत नाही. गाळात अडकलेल्या माझ्या भावाची हाक त्यानंच दाबली, हेही मी विसरलेलो नाही.

पण घरात आता मी एकटाच आहे. कधीकधी वाटतं, एकदा त्या पाण्याकाठी जाऊन बसावं आणि त्याच्याशीच बोलावं.

मला भीती वाटते ती या वाटण्याची...