चौदाव्या खुणेच्या वर

पितळेची पाटी बारा किलोची होती आणि ती माझ्या पाठीवर होती! घळीतल्या सुळक्यावर ती ठोकायची, एवढ्यासाठी आम्ही तिघं पहाटे निघालो होतो. पाटीवर आमच्या दिवंगत फौजदारसाहेबांचं नाव आणि खाली ओळ : ‘महापुरात चौदाव्या खुणेपर्यंत कर्तव्यावर हजर.’

मजकूर माझाच. मी चौकीचा वायरलेसवाला. गेल्या वर्षी पूर आला तेव्हा साहेब त्या सुळक्यावर उभे होते. पाणी हातभर चढलं, की खडकावर लाल रंगाची खूण करायची आणि आकडा मला कळवायचा. चौदा आला की खालची वस्ती रिकामी करायची, असं ठरलं होतं. चौदा आला, वस्ती वाचली आणि साहेबांचा सेट मुका झाला. मी अहवालात लिहिलं, ‘यानंतर ठिकाण सोडले असावे.’ लोकांनी त्याला तिखटमीठ लावलं : साहेब पळताना वाहून गेले!

म्हणून तर वहिनी आमच्याबरोबर आल्या होत्या. साहेबांच्या पत्नी. पायात भावाचे बूट, आत मोज्यांचे दोन जोड.

“पळाले असतील तर पळाले,” त्या म्हणाल्या. “जीव कुणाला नको असतो? पण भाऊजी, मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय.”

मी पाटीचे पट्टे आवळले आणि पुढे झालो. दुसरं काय करणार?

तिसरा गडी बचाव पथकातला. कड्याला असा चिकटतो की सगळे त्याला पाल म्हणतात. “ऊन तापून वरचा बर्फ वितळला की घळ भरते,” त्यानं बजावलं. “बाराच्या आत बाहेर! मग पाटी लागो, न लागो.”

गुडघाभर गार पाण्यातून, शेवाळलेल्या दगडांवरून घसरत, एकमेकांना शिव्या आणि हात देत आम्ही सुळक्यापाशी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. समोरच्या अंगाला लाल खुणा ओळीनं चढत गेल्या होत्या. चौकशीला आलेले अधिकारी इथूनच, खालून चौदा मोजून परत गेले होते. वर चढायचे कष्ट कोण घेतो!

पाल सरसर चढला. दोर खाली आला. पाठोपाठ वहिनी चढल्या आणि चौदाव्या खुणेजवळच्या अरुंद कपारीत बसल्या. मग मी निघालो, पाटीसकट.

दहावी खूण. बारावी. पाटी मागं खेचत होती. तेराव्यापाशी पाय सुटला!

“धरा!” मी किंचाळलो. दोर ताणला. पाटीच्या वजनानं मी गर्रकन फिरलो, सुळक्याच्या कडेवरून पलीकडच्या अंगाला जाऊन आदळलो. खांदा सोलवटून निघाला. डोळे उघडून वर पाहिलं.

डोक्यावर हातभर अंतरावर लाल रंग होता!

“पंधरा!” मी ओरडलो. “वहिनी, इथे पंधरा आहे! त्याच्यावर सोळा!”

“मला तिकडे न्या!”

“वहिनी, पाणी चढतंय,” पाल म्हणाला.

“न्या म्हटलं ना!”

पालीनं त्यांना दोरावर अलगद पलीकडे सोडलं. माझ्या जरा वर लटकत त्यांनी मोठ्यानं वाचलं. साहेबांचंच वळणदार अक्षर. ‘पंधरा. उत्तर नाही.’ ‘सोळा. उत्तर नाही.’ सर्वांत वर नुसतंच ‘सतरा’.

चौदा ऐकल्याबरोबर मी सेटवर घसा फोडून सांगितलं होतं, ‘कळलं साहेब, निघा!’ ते त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. निरोप पोचला की नाही हे कळेना, म्हणून समोरची कपार बुडाल्यावरही ते इकडे येऊन खुणा करत राहिले. आणि मी, चौकीतल्या खुर्चीत बसून, ‘असावे’ लिहून मोकळा झालो!

“वहिनी, तो अहवाल माझा,” मी म्हणालो. “ते वाक्य माझं आहे.”

वहिनींनी ‘सतरा’वर तळहात ठेवला. बराच वेळ काढला नाही. रडत होत्या, हसतही होत्या.

“पाटी लावायची ना?” वरून पालीनं विचारलं. “खिळे काढू?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “चौदा म्हणणारी खोटी पाटी इथे लागणार नाही. भाऊजी, आधी अहवाल बदला. मग पाटी.”

“लगेच बदलतो, वहिनी.”

“आणि ही खाली तुम्हीच न्यायची,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “चला आता, पाणी चढतंय!”